टिपायचं, घासायचं नाही

पहिल्या दिवशी रफिकुलने एवढंच शिकवलं.
त्याची हिंदी नोआखालीची, माझी लांज्याची,
मध्ये एक ओलं फडकं.
घासलंस तर पसरतो, धागा पिंजतो.
दाब, थांब, उचल,
फडक्यावर काय आलंय बघ.

वाळवणातले दाणे कोंबड्या टिपायच्या,
आई त्यांना हाकलायची,
आणि कधीकधी त्याच पदराने डोळे टिपायची.
तो शब्द इथे, मस्कतला, वादी कबीरच्या गॅरेजात
शांपूच्या बादलीशेजारी
उकिडवा बसलेला भेटेल असं वाटलं नव्हतं.

चहाला व्हिनेगर. तेलावर आधी मक्याचं पीठ.
रक्ताला थंडच पाणी,
गरम घातलंस की ते शिजतं, मग जन्मभर राहतं.
हलव्याचं तूप निघतं, केशर निघत नाही.
मेंदीचं आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

खलफानची प्राडो आली ईदनंतरच्या आठवड्यात.
पांढरी, खिडक्यांपर्यंत धूळ,
मागच्या कार्पेटवर ताटाएवढा तपकिरी डाग.
"काहवा सांडला," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

टिपला. संध्याकाळी कार्पेट नव्यासारखं.
सकाळी डाग जागेवर हजर,
कडेने एक पिवळी रेघ जास्तीची.
यंत्राने ओढला. पुन्हा आला.
वरचं वाळत जातं तसं खालचं वर चढतं,
फोममध्ये मुरलेलं
वरच्या लोकरीचं काही ऐकत नाही.
तिसऱ्या दिवशी खलफान म्हणाला, पैसे विसरा.

वासावरून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.
आमच्या पडवीत सात शेळ्या होत्या.
पण एवढ्या कडक इस्त्रीची दिशदाशा,
एवढं महागाचं अत्तर,
अशा माणसाला कसं सांगायचं
की काहव्याला असा वास येत नाही?

शेवटी त्याच्या धाकट्याने सांगितलं,
स्टिअरिंगला लोंबकळत:
निझवाच्या बाजारातून बोकड आणला,
पिकअपवाला जास्त मागत होता,
डोंगरातल्या वळणांवर घाबरला.
बोकड की बाबा, ते नीट कळलं नाही.

खलफान आधी लाल झाला,
मग इतका हसला की टोपी घसरून
माझ्या बादलीत पडली.
ती मी टिपून दिली, घासली नाही.
मग चौघांनी मिळून सीटा काढल्या,
कार्पेट उलटं केलं,
खालची गादी उन्हात भिंतीला टेकवली.
चव्वेचाळीस डिग्री. दोन तासांत कडकडीत,
आणि गल्लीभर आमची पडवी.
रफिकुल नाकाला फडकं लावून पळाला.
मी तिथेच बसून डबा खाल्ला.

रात्री रसिकाचा फोन.
येताना तिचे डाग पतपेढीत ठेवून आलो होतो:
बोरमाळ, बुगड्या, दोन पाटल्या.
"एक डाग सुटला आज," ती म्हणाली.
"माझाही," मी म्हणालो,
"पण गादी काढावी लागली."
"कसली गादी?"
सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसली,
शेजारची जागी झाली म्हणाली.

मग बुगडी कानाशी धरून दाखवली.
फोनच्या उजेडात सोनं पांढरटच दिसतं.
घाल की, म्हटलं.
भोक बुजलंय, म्हणाली,
चार वर्षांत.

बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.
तिच्याकडे पाऊस चालू होता बहुतेक,
किंवा फोनच खरखरत होता.

बोरमाळ अजून तिथेच आहे.
उद्या सकाळी साडेसहाला एक कोरोला येणार आहे,
नवरीची.
मेंदी असावी, असं रफिकुल म्हणतो.